शेतीचा तास कोणासाठी?

१ एप्रिल १९५७ च्या संध्याकाळी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधली स्पॅगेटीची सुगी दाखवली गेली. फांद्यांवरून लोंबणाऱ्या लांबच लांब शेवया बायका हलक्या हाताने ओढून टोपलीत घेत होत्या आणि उन्हात वाळत घालत होत्या. निवेदकाचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त. कार्यक्रम संपल्यावर फोन सुरू झाले. काहींना ही एप्रिल फूलची थट्टा आवडली नव्हती, आणि काहींना हे झाड आपल्या परसात कसे लावायचे ते विचारायचे होते.

या जातीच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. २०१३ साली ब्रिटिश न्यूट्रिशन फाउंडेशनच्या पाहणीत प्राथमिक शाळेतल्या जवळपास एक तृतीयांश मुलांना चीज वनस्पतीपासून बनते असे वाटत होते. २०१७ साली अमेरिकेतल्या दुग्धव्यवसायाच्या एका संस्थेने जाहीर केले की तिथल्या ७ टक्के प्रौढांच्या समजुतीप्रमाणे चॉकलेटचे दूध तपकिरी गाई देतात. बातमी वाचून आपण हसतो, थोडे हळहळतो, आणि ‘मुलांना एकदा शेतावर न्यायला हवे’ असे म्हणून मोकळे होतो.

ही हळहळ चुकीच्या जागी आहे, असे माझे मत आहे. चीज दुधाचे होते हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याला पुढचा प्रश्न विचारून पाहा: गाय दूध का देते? शहरात वाढलेली पुष्कळ शिकलेली माणसे इथे क्षणभर अडखळतात. गाय व्याल्याशिवाय दूध नाही, म्हणजे सुमारे नऊ महिने गाभण राहणे आले, वासरू आले, मध्ये भाकड काळ आला. वासरू नर निघाले तर त्याला कोण पोसतो? न पोसल्यास त्याचे काय होते? हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी इथवर विचार केलेला असतो. तेव्हा कोणता पदार्थ कशापासून होतो हे माहीत नसणे ही किरकोळ गोष्ट आहे, एका वाक्यात दुरुस्त होणारी. पदार्थाच्या मागे किती वेळ, किती पाणी, कोणाचे श्रम आणि कोणते निर्णय आहेत याचा पत्ता नसणे, हे खरे अज्ञान. ते सहलीने जात नाही.

म्हणून शाळेत शेती शिकवलीच पाहिजे, या मागणीला माझा पाठिंबा आहे. मात्र तो दोन अटींवर. शेतीचा तास मुख्यतः त्यांच्यासाठी असावा, जे आयुष्यात कधी शेती करणार नाहीत. आणि त्या तासाला शेतीचे गोडवे गायले जाऊ नयेत, हिशेब मांडला जावा.

पहिली अट उलटी वाटेल. जो शेती करणारच नाही त्याने ती शिकायची कशाला? पण जगात माणसे वापरण्यासाठी जे गोडे पाणी उपसतात त्यातले सुमारे ७० टक्के शेतीला जाते. माणसाला राहण्याजोग्या जमिनीतली जवळपास निम्मी शेती आणि गुरेचराईखाली आहे. २००७ च्या सुमारास जगातली शहरी लोकसंख्या खेड्यांतल्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाली. श्रीमंत देशांत शेतीवर राबणारे हात तर एकूण कामकऱ्यांत शेकडा चार-पाचांच्या आतबाहेर आहेत. म्हणजे धरणाचे पाणी कोणाला, खतावर अनुदान किती, कोणत्या कीटकनाशकावर बंदी, आयात उघडायची की बंद ठेवायची, हे सारे ठरवणाऱ्या मतदारांत आणि अधिकाऱ्यांत कधी मातीत हात न घातलेल्यांची संख्या वाढत जाणार. शेतकऱ्याच्या मुलाला निदान घरी काही कळते. ज्याला घरी कळण्याचा मार्गच नाही, त्याला शाळेवाचून दुसरी जागा नाही.

या अटीमागे इतिहासही आहे, आणि तो तितकासा सुखाचा नाही. शाळेत शेती ही कल्पना काही नवी नव्हे. ऑस्ट्रियाच्या १८६९ च्या शाळा-कायद्यात गावातल्या शाळांना बाग आणि शेतीच्या प्रयोगांसाठी जागा ठेवण्याची तरतूद होती. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळाधिकाऱ्याने १९०२ साली मुलामुलींचा शेती-मंडळवजा क्लब काढला. पुढे देशभर पसरलेल्या ‘फोर-एच’ चळवळीचा उगम तिथे मानतात. या चळवळीने एक मजेदार गोष्ट दाखवून दिली. विद्यापीठातले नवे वाण, नव्या पद्धती मोठी माणसे ऐकूनही घेत नसत. पण पोराने बांधाच्या कडेला तेच वाण लावून बापापेक्षा जास्त मका काढला की बाप गुपचूप पुढच्या वर्षी तेच बी मागे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने शाळकरी मुलांची ‘स्कूल गार्डन आर्मी’ उभारून त्यांच्याकडून भाजीपाला पिकवून घेतला. युद्ध संपले, उत्साहही ओसरला.

हा झाला सांगण्यासारखा भाग. न सांगितला जाणारा भाग असा, की जगात अनेक ठिकाणी शेतीचे शिक्षण हे दुय्यम नागरिकांचे शिक्षण म्हणून दिले गेले. कॅनडातल्या मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांत अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम, अशी पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. मुलगे शेतावर आणि गोठ्यात, मुली स्वयंपाकघरात आणि धुण्यावर. नाव प्रशिक्षणाचे, प्रत्यक्षात शाळेचा खर्च मुलांच्या श्रमांतून भागवला जात होता. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या एका धर्मादाय निधीने नेमलेल्या फेल्प्स-स्टोक्स आयोगाने आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी ‘परिस्थितीला साजेसे’ शिक्षण सुचवले. त्यात शेती आणि हातकामावर भर होता. अनेक आफ्रिकी पालकांनी त्याकडे संशयाने पाहिले, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. साहेबाची मुले ज्या शाळेत जातात तिथे लॅटिन आणि बीजगणित, आणि आमच्या मुलांना मात्र कुदळ, याचा अर्थ त्यांना न सांगता कळत होता. पुढे १९६५ साली फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने घानाच्या उदाहरणावरून हेच मांडले: शाळेत शेतीचा विषय घातला म्हणून मुले शेतीकडे वळत नाहीत. कोणत्या शिक्षणातून कोणती नोकरी मिळते, हे पाहूनच घरातले लोक निर्णय घेतात.

आजही कुठे शेतीचा विषय सुरू झाला की मी आधी एवढेच पाहतो: तो कोणाला सक्तीचा आहे आणि त्यातून सूट कोणाला मिळाली आहे? गावच्या शाळेत ‘कार्यानुभव’ म्हणून खुरपे आणि शहरातल्या महागड्या शाळेत ‘कोडिंग’, अशी वाटणी असेल तर तो विषय काढून टाकलेला बरा. दोन्हीकडे तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा असेल तरच त्याला अर्थ आहे. उलट शहरातल्या शाळेत त्याची गरज काकणभर जास्तच.

आता तासाला शिकवायचे काय, याकडे येऊ. सहलीला माझा विरोध नाही, पण तिच्यात होते काय ते पाहावे. बस येते, मुले ट्रॅक्टरवर बसून फोटो काढतात, कुणी तरी ‘शेतकरी आपला अन्नदाता’ असे भाषण करतो, जेवण होते, बस परत जाते. पीक ही वेळ खाणारी गोष्ट आहे आणि सहल एका दिवसाची. त्या दिवशी मुलांना दिसते ते उभे पीक; त्याच्या आधीची काळजी आणि नंतरची घासाघीस दोन्ही दिसत नाहीत. कृतज्ञता वाईट नव्हे, पण तिने प्रश्न थांबतात. ज्याचे आभार मानले त्याला ‘तुम्हाला यात काही उरते का?’ असे विचारायला मुले बिचकतात.

त्यापेक्षा बियाण्याच्या पाकिटापासून सुरुवात करावी. पाकिटावर वाणाचे नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, शुद्धता आणि उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते. वर्गात पाकीट फिरवावे आणि शंभर दाणे मोजून ओल्या कागदाच्या घडीत गुंडाळावेत. ठरल्या दिवशी घडी उलगडली की दिसते: काहींना सरळ पांढरे मूळ, काही फुगून तसेच बसलेले, काहींवर बुरशी, एखाद्याचे मूळ वाकडे होऊन कुजलेले. मग वाद सुरू होतो. वाकड्या मुळाचा उगवलेला धरायचा की नाही? बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही हाच प्रश्न असतो आणि त्याचे लेखी नियम असतात. पाकिटावरचा आकडा आणि वर्गातला आकडा जुळला नाही तर का जुळला नसेल? शेकडेवारी, नमुना, चूक, फसवणूक हे चारही धडे एका कागदाच्या घडीत मिळतात. आणि यातून पुढचा हिशेब आपोआप निघतो: इतके उगवणार असतील तर इतक्या जागेला बी किती लागेल, आणि नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला थोडे राखून ठेवायचे की नाही.

दुसरी गोष्ट मातीची. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खूप हलवायची आणि ठेवून द्यायची. रेती मिनिटभरात खाली बसते. पोयटा बसायला काही तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की मातीचा पोत कळतो, आणि एका शेतात पाणी का साचते आणि शेजारच्यात का टिकत नाही, याचे उत्तर मुलांना बरणीतच दिसते. याला ना प्रयोगशाळा लागते ना शेत.

आणि अन्न कुठून येते, हा प्रश्न तरी आपण नीट विचारतो का? ‘मातीतून’ हे पाठ झालेले उत्तर आहे. यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने विलोचे रोप कुंडीत लावून पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे ७४ किलोंनी वाढले आणि माती घटली ती ६० ग्रॅमच्याही आत. १६४८ साली छापल्या गेलेल्या या प्रयोगावरून त्याने काढलेला निष्कर्ष, की झाड पाण्यापासूनच बनते, अर्धाच बरोबर होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. आपण खातो त्या धान्याचे कोरडे वजन बहुतांशी हवा आणि पाण्यातून आलेले असते. माती देते ते वजनाने थोडे, पण त्यावाचून काहीच चालत नाही. त्यातले पहिले नत्र, म्हणजे नायट्रोजन. हवेतला नायट्रोजन बांधून अमोनिया करण्याची रीत फ्रिट्झ हाबरने १९०९ साली दाखवली, १९१३ साली जर्मनीत ओपाऊ इथे तिचा कारखाना उभा राहिला, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या अन्नाला त्या रीतीच्या खताचा आधार आहे, असा अंदाज आहे. म्हणजे ‘अन्न कुठून येते?’ याचे एक खरे उत्तर ‘नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यातून’ असेही आहे. हे उत्तर कुठल्याच सहलीत मिळत नाही. त्याच खताचा जादा भाग नदीत उतरून पाण्यावर शेवाळ माजवतो, हा त्याचा पुढचा पाठ.

विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषण असते, नायट्रोजनचे चक्र असते, भूगोलात पिकांचे नकाशे असतात, गणितात नफा-तोटा असतो. म्हणून ‘आधीच विषय कमी आहेत का?’ या आक्षेपात मला दम वाटत नाही. नवा विषय नकोच. असलेल्या धड्यांना एका पिकाच्या हंगामाने बांधून घ्यायचे, एवढेच काम आहे. नफा-तोट्याच्या गणितातला तो कायमचा व्यापारी जरा बाजूला ठेवून एखाद्या पिकाचा जमाखर्च घेतला, तर नफ्याच्या आधी तोटा शिकवावा लागेल, इतकाच काय तो फरक.

अवघड भाग वेगळाच आहे. खरे सांगायचे तर ते ऐकायला बरे नसते. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. त्या जातीचे नर पिल्लू अंडी देत नाही, आणि मांसासाठी पोसायला परवडत नाही. म्हणून जगभरातल्या उबवणी केंद्रांत ते बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारले जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून याला बंदी घातली. हे कोणत्या वयाच्या मुलांना सांगायचे, यावर शिक्षकांत प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझ्या मते दहा वर्षांच्या मुलाला नको, चौदाव्या वर्षी लपवायला नको. पण पुस्तकात पिवळ्या पिल्लांचे चित्र छापायचे आणि नंतर ‘मुलांना वास्तव कळत नाही’ म्हणायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

श्रमांचेही तसेच. व्हॅनिलाचे फूल आपल्या मूळ प्रदेशाबाहेर फळ धरत नव्हते. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुन्यों बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठ्याने ते फूल परागित करण्याची रीत शोधली. आजही मळ्यांतून व्हॅनिलाचे एकेक फूल याच रीतीने हाताने परागित केले जाते. बेटाला त्यातून अमाप पैसा मिळाला; आल्बियस मुक्त झाला तो १८४८ साली गुलामगिरी संपल्यावर, आणि १८८० मध्ये गरिबीतच मेला. ही गोष्ट ‘बालशास्त्रज्ञाची कमाल’ म्हणून अर्धी सांगता येते. पूर्ण सांगितली, तर मुले लगेच विचारतील की पैसे कोणाला मिळाले. हा प्रश्न अन्नाच्या प्रत्येक पदार्थाला लावता येतो, आणि तो लावायची सवय लागली तर मला त्या तासाचे सार्थक वाटेल.

इथेच एक धोका आहे. शाळांना पाठ्यसाहित्य फुकट द्यायला कोण पुढे येते? बहुधा ज्यांना काही विकायचे असते ते. अमेरिकेत दुग्धव्यवसायाने पोसलेली नॅशनल डेअरी कौन्सिल गेली शंभर वर्षे शाळांसाठी आहाराचे साहित्य पुरवत आली आहे. अशा साहित्यातली माहिती खोटी असेल असे नव्हे. त्यातून काय गाळले आहे, ते पाहायचे असते. खत कंपनीच्या तक्त्यात शेवाळलेली नदी सापडणार नाही. उलट बाजूही काही निष्पाप नाही. सेंद्रिय शेतीचा प्रचार करणाऱ्यांच्या पुस्तिकांत उत्पादन कमी येते तिथे किती येते, हा आकडा शोधून काढावा लागतो. शिक्षकाने दोन्ही पुस्तिका वर्गात आणाव्यात आणि गाळलेल्या जागा मुलांकडून भरून घ्याव्यात.

जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे २००५ साली ‘शोकुइकु’ म्हणजे आहारशिक्षणाचा कायदा झाला, शाळांत पोषण-शिक्षक नेमण्याची सोय झाली, आणि मुले स्वतः वाढून घेतात, ताटे आवरतात. यातली शिस्त घेण्याजोगी आहे. मात्र त्या कायद्याचा झोक आरोग्य, खाण्याच्या सवयी आणि कृतज्ञता यांकडे आहे. जेवणाच्या मेजावर त्याचे लक्ष जास्त, पेरणीच्या निर्णयावर कमी. मुलांनी लावलेल्या भाज्या मुले चवीने खाऊ लागतात, असे शाळाबागांचे अनेक अभ्यास सांगतात, छान आहे. पण मुलांनी पालेभाजी खावी एवढ्यासाठी शेती शिकवायची असेल, तर तेवढ्यासाठी शेतीची गरज नाही.

शाळाबाग मरते कशी, ते सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे: सुट्टीत. पीक शाळेचे वेळापत्रक पाळत नाही. म्हणून सत्राच्या आत निघणारी पिके निवडावीत, किंवा पालक आणि शेजाऱ्यांना पाळ्या लावून द्याव्यात. आणि तरीही वाळली, तर कधी, का आणि किती नुकसान झाले ते लिहून त्यावर गुण द्यावेत. आज होते असे, की वाळलेला वाफा तपासणीच्या आदल्या दिवशी उपटून तिथे रोपवाटिकेतली फुललेली रोपे खोचली जातात. मुले ते बघत असतात.

शेवटी परीक्षेचे. परीक्षेत नसलेले कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि परीक्षेत आले की ‘खरिपाच्या तीन पिकांची नावे लिहा’ इथे येऊन थांबते. तेव्हा प्रश्नच बदलावा लागेल. विहिरीत अमुक इतके पाणी आहे. दोन पिके आहेत, एकाला पाणी कमी पण भाव चंचल, दुसऱ्याला पाणी जास्त पण खरेदी हमखास. पाऊस लांबण्याची शक्यता वर्तवलेली आहे. काय पेराल आणि का? दोन मुलांनी दोन वेगळी उत्तरे द्यावीत आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळावेत, अशी तपासणी करता येईल का, यावर आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणात वाद व्हायला हवा. तो वाद ज्यांना मान्य नसेल, त्यांनी सहल काढावी.